‘रेनेसान्सच्या आधी युरोपला चित्र काढता येत नव्हतं’ म्हणे!

टाकबोरू

परवा शंकासुर यांनी दुसऱ्या एका धाग्यावर ठोकून दिलं की मध्ययुगीन पोथ्यांमधली चित्रं म्हणजे तिसरीतल्या पोराची रंगवलेली वही. ना पर्स्पेक्टिव्ह, ना शरीररचना. बायझंटाईनवाल्यांनी (म्हणजे कॉन्स्टँटिनोपल राजधानी असलेल्या पूर्व रोमन साम्राज्यातल्यांनी) तर हजार वर्षं एकच चेहरा गिरवला. वर धडाधड अंगठे. तिथे उत्तर लिहायला बसलो आणि लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

आधी ‘पॅरिस साल्टर’ उघडा (साल्टर म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रांची पोथी). दहाव्या शतकातला, कॉन्स्टँटिनोपलचा. आता पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि ऑनलाइन बघता येतो. शेळ्यामेंढ्यांच्या मधोमध बायबलमधला दावीद हार्प वाजवतोय. संगीत त्याच्या खांद्याला खेटून बाईच्या रूपात बसलंय. खांबाआडून एक अप्सरा डोकावतेय. आणि खाली उजवीकडे बेथलेहेम गाव म्हणजे चक्क एक उघडाबंब, तांबूस अंगाचा, पिळदार गडी आडवा पडलाय! त्याच्या दंडावरचा छायाप्रकाश बघा. रेनेसान्सची सुरुवात ज्याच्यापासून धरतात त्या ज्योत्तोच्या साडेतीनशे वर्षं आधी.

म्हणजे हात चालत होता. तरी संत सपाट सोन्यावर, समोर रोखून बघणारे का? कारण ते तसेच हवे होते. बायझंटाईन साम्राज्यात ख्रिस्ताचं, संतांचं चित्र काढावं की नाही यावर शंभर वर्षांहून जास्त काळ माणसं हद्दपार झाली, ८४३ मध्ये तो वाद मिटला. त्यातून आलेला चित्रकार मॉडेल बसवून नाक मोजत नाही. संत ठरलेल्या दाढीसकट ओळखू आला पाहिजे, बस्स.

मॉस्कोत असलेला नवव्या शतकातला ‘ख्लुदोव साल्टर’ घ्या. वर क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या तोंडाशी एक जण काठीला लावलेला स्पंज धरतोय. खाली मूर्तिभंजक (त्या वादातला चित्रविरोधी) तश्शाच काठीवरच्या स्पंजाने ख्रिस्ताच्या चित्रावर चुना फासतोय, पायाशी चुन्याचं भांडं, डोक्यावरचे केस ताठ उभे. हे जहाल राजकीय व्यंगचित्र आहे, बुवा. तिसरीतलं पोर काढेल?

शंकासुर

एवढं वाचून कळलं काय, तर एका पोथीतली १४ पानभर चित्रं बरी निघाली. तीही जुन्या ग्रीक-रोमन नमुन्यांवर बेतलेली आहेत असं अभ्यासकच म्हणतात. नक्कल चांगली जमली, मान्य. बाकी ‘येत होतं पण नको होतं’ हे कुणीही म्हणेल. मलाही आयआयटीत जायचं नव्हतं.

टाकबोरू

नक्कल करायला हात लागतो, हे तरी मान्य केलंत. आणि ‘एकच चेहरा’वाल्यांसाठी: सम्राट बासिल दुसऱ्याचं ‘मेनोलोगियन’, म्हणजे संतचरित्रांची पोथी, व्हॅटिकनमध्ये आहे, साधारण इ.स. १००० चं. ४३० चित्रं, आठ चित्रकार, आणि चित्राशेजारी समासात ज्याचं त्याचं नाव. पँटोलिऑन, नेस्टर, मेनास...

शंकासुर

छान. आता समास झाका आणि पँटोलिऑनचं कुठलं, नेस्टरचं कुठलं ते सांगा.

टाकबोरू

मला नाही सांगता येणार. तोच तर मुद्दा आहे! आठ जणांनी ठरवून एक हात राखला. घराण्यातले चार शिष्य एकत्र गायला बसले तर तुम्ही त्यांना बेसूर म्हणणार का?

शंकासुर

बेसूर नाही, कंटाळवाणे म्हणेन.

वर्खवाली

दोघंही ‘चित्र, चित्र’ करताय. अहो, ते पुस्तकाचं पान आहे. मी पोटासाठी कॅलिग्राफी करते आणि वेलमवर (कमावलेल्या कातड्याच्या पानावर) सोन्याचा वर्ख लावायचा उद्योग मुंबईत, भर जुलैत केलाय. गेसोचा (प्लास्टर-सरसाच्या लेपाचा) थर चढवा, वाळला की खरवडून गुळगुळीत करा, त्यावर तोंडाची वाफ सोडा, चिकटपणा आला की क्षणात वर्ख टेकवा, मग अकीकाच्या दगडाने घोटा. पावसाळ्यात गेसो धड वाळतच नाही. घोटायला गेलं की सोनं अकीकालाच लागून वर येतं. सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. पश्चिमेकडे रंगाच्या आधी सोनं लावून घेत, कारण वर्ख नको तिथेही चिकटतो. असं घोटलेलं सोनं पान उलटताना एका कडेने पेटतं आणि दुसऱ्या कडेला विझतं. मोबाईलवर ते नुसतं पिवळं दिसतं, आणि तेवढ्यावर तुम्ही निकाल देता.

अजून एक. जर्मनीत दालहाइमच्या मठात पुरलेल्या एका बाईच्या दातांवरच्या कीटणात लाजवर्दाचे, म्हणजे ज्यापासून निळा रंग करत त्या दगडाचे, कण सापडले. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. बाई इ.स. १००० ते १२०० मधली. बहुधा कुंचल्याचं टोक ओठांत धरून काढत असणार. दगड अफगाणिस्तानातून आलेला. तिचं नाव कुठल्याही समासात नाही. भांडायचंच तर त्यावर भांडा.

बोरीबंदर

वर्खवालीताई, +१. पण कॉन्स्टँटिनोपलपर्यंत कशाला जायचं? पश्चिम भारतातली पंधराव्या शतकातली जैन कल्पसूत्रं (सचित्र पोथ्या) बघा: सोनं, लाजवर्द आणि गालाबाहेर आलेला तो दुसरा डोळा. त्याला शंकासुर ‘चित्र काढता येत नव्हतं’ म्हणतील का? म्हणून दाखवाच. मात्र ती बघायला मिळणं मुश्कील. एका ग्रंथालयात पत्र, ओळखपत्र, दोन सह्या असं सगळं घेऊन गेलो, तर किल्लीवाले साहेब रजेवर. पुढच्या खेपेला कपाट उघडलं, पण पोथी ‘बांधणीला गेलीय’. कुठे, ते कुणालाच ठाऊक नाही.

अटलांटिकपार

म्हणूनच मी सरळ विकत घेतलं. 🙂 पंधराव्या शतकातल्या फ्रेंच ‘बुक ऑफ अवर्स’चं (रोजच्या प्रार्थनांच्या पोथीचं) एक अस्सल पान, द्राक्षवेलीची किनार, तीन सोनेरी अक्षरं. हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय. घरी येणारा प्रत्येक जण थांबून बघतो.

वर्खवाली

एक पान? आणि बाकीचं पुस्तक कुठेय?

अटलांटिकपार

मी नाही फाडलं हो! दुकानदाराकडे सुटंच होतं.

वर्खवाली

सुटं पान विकलं जातं म्हणूनच पुस्तक फाडलं जातं. तुम्ही ओहायोत ना? मग ऑटो एगे माहीत असेलच. क्लीव्हलंडचा कलाशिक्षक, पोथ्या विकत घेऊन पानं सुटी करायचा. ५० पोथ्यांमधलं एकेक पान घालून ४० पेट्या केल्या. १९३८ मध्ये स्वतःला ‘ग्रंथभंजक’ म्हणवत लेखही लिहिला. वर बाजू काय मांडली, तर गरिबालाही एखादं पान बाळगता यावं!

अटलांटिकपार

त्यात चुकलं काय? लहान कॉलेजांतल्या मुलांनी अस्सल पान बघितलं ते त्या पेट्यांमुळेच. नाहीतर बोरीबंदर यांच्या कपाटासारखं किल्लीवाल्या साहेबांची वाट बघत बसा.

बोरीबंदर

माझं कपाट तुमच्या बाजूने वापरू नका. किल्ली हरवली तरी आत पोथी अख्खी आहे. (असावी.)

टाकबोरू

हा रोग जुना. रस्किनसारखा इंग्रज कलासमीक्षक ३ जानेवारी १८५४ च्या रोजनिशीत लिहितो की संध्याकाळी प्रार्थनापोथी कापली, कष्टाचं काम! इराणचा बादशहा शाह तहमास्प याच्या शाहनाम्याची २५८ चित्रं अशीच फुटली. अमेरिकन मालकाने सुटी सुटी वाटली-विकली. उरलेली ११८ इराणने १९९४ मध्ये डी कूनिंग या आधुनिक चित्रकाराच्या एका चित्राच्या बदल्यात परत मिळवली. मंडळी, मूळ विषय बायझंटाईन होता, आठवतंय का?

अटलांटिकपार

इथे मला चोर ठरवायचं काम चालूय. पावती आहे माझ्याकडे. स्वतःच्या पैशाने जुनी वस्तू जपणाऱ्याला शिव्या आणि वाळवीला घालणाऱ्यांना सहानुभूती, वा!

शंकासुर

पोथीकलेला मी नावं ठेवली आणि पोथीच्या बाजूचे लोकच एकमेकांची गचांडी धरतायत. मजा आली. पण वर्खवालींचं एक गपगुमान मान्य करतो: माझं मत मोबाईलवरच बनलंय. सोनं बघितलेलं नाही. चेहरे मात्र बघितलेत, आणि ते कंटाळवाणेच आहेत.

बाकी अटलांटिकपार, पानाच्या मागच्या बाजूचा फोटो टाका. फ्रान्समधल्या बोव्हेच्या मिसलची (चर्चमधल्या उपासनेच्या पोथीची) १९४२ मध्ये अशीच पानं पांगली होती. लिसा फेगन डेव्हिस या विदुषी ती स्कॅनवरून पुन्हा जुळवतायत, शंभरावर सापडलीत. मजकुरावरून तुमच्याही पानाची भावंडं सापडू शकतात.

टाकबोरू

शंकासुर, तुम्हाला हे सगळं माहीत होतं?!

शंकासुर

आवडत नाही म्हणजे वाचत नाही असं थोडंच आहे.

अटलांटिकपार

फ्रेम मागून सीलबंद आहे. उघडली तर सौभाग्यवती मला उघड्यावर टाकतील. पुढच्या बाजूचा टाकतो, पण चार वाजता ऊन पडतं तेव्हा काच चमकते, सकाळी काढावा लागेल.

वर्खवाली

ऊन पडतं?? त्या पानावर???

अटलांटिकपार

थोडंसंच. तासभर.

वर्खवाली

आत्ता उठा आणि ते भिंतीवरून काढा. वाद नंतर घालू.