प्रबल रिव्हॉल्व्हर चालवून बघितलं, माझा अनुभव

दादा, तुम्ही विचारलंत ना की निर्भीक रिव्हॉल्व्हर असताना प्रबल घेण्यात अर्थ आहे का, तर मी लायसन्सवर प्रबलच घेतलंय आणि रविवारी इथे नाशिकला रेंजवर पहिल्यांदा चालवलं म्हणून सांगतो. दोन्ही कानपूरलाच बनतात, दोन्ही पॉइंट ३२ कॅलिबरची. पण निर्भीक मधून मोडून उघडतं आणि प्रबलचं सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचा फिरता भाग, बाजूला येतं, २०२३ ला आलं तेव्हा याचंच जास्त कौतुक झालेलं. गोळ्या भरताना मला तरी हे फार सोपं वाटलं.

वजन रिकामं ७०० ग्रॅम, निर्भीक त्याहून बरंच हलकं आहे, पण झटका बसतो तेव्हा हेच वजन कामाला येतं. बॅरल ७६ मिलिमीटर म्हणजे जेमतेम तीन इंच, त्यामुळे नेम धरताना जरा हात हलला की दहा मीटरवरच गोळी कुठच्या कुठे जाते. माझ्या पहिल्या सहाही गोळ्या खाली डावीकडे, सकाळची थंडी, बोटं आखडलेली आणि ट्रिगर ओढायच्या ऐवजी मी हिसका देत होतो. मग हॅमर, म्हणजे मागचा घोडा, हाताने मागे घेऊन मारल्या तर ट्रिगर एकदम हलका लागला आणि चार गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या.

एक मात्र कळकळीने सांगतो, दुसऱ्या हाताचा अंगठा सिलिंडरच्या पुढे अजिबात नेऊ नका, तिथल्या फटीतून गरम गॅस बाहेर येतो आणि चांगलंच भाजतं. पिस्तुलाची सवय असलेले हमखास तिथेच चुकतात. निर्भीक पण एकदा हातात धरून बघा, मगच पैसे भरा.