कारवारची बेटे आणि वळवाचा वारा
बेटाच्या आडोशाला नांगर टाकला की वाऱ्याची चिंता मिटते, असे म्हणतात, पण मला ते अर्धेच पटते. आम्हा बेळगावकरांना वळीव परिचित आहे; पाऊस पोहोचण्याआधीच ढगातून कोसळलेली थंड हवा चहूबाजूंना पसरते आणि धुळीचे लोट उठवते. समुद्रावर धूळ नसते, फक्त पाण्याचा पट्टा काळवंडतो, आणि कारवारजवळच्या कूर्मगड बेटाच्या आडोशाला उभ्या असलेल्या लहान शिडाच्या होडीला या हवेमुळे अचानक दिशा बदललेला वारा खडकांकडे रेटू शकतो. वाऱ्याचा वेग १० नॉटवरून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) २० नॉटवर गेला, तर शिडावरचा दाब दुप्पट नव्हे, सुमारे चौपट होतो. म्हणून ढग दिसताच शीड आखडावे (माझ्या मते जरा आधीच) आणि खुल्या पाण्याकडे वाट मोकळी ठेवावी.