दोन सेशनच्या मधल्या काळात क्लायंटने कोचला मेसेज करावा का?

मितभाषी
पर्सनल कोचिंग म्हणजे क्लास नव्हे, तर प्रश्न विचारत माणसाला स्वतःचं स्वतः ठरवायला मदत करणं. त्याच्या करारात फी, वेळ, गोपनीयता ही कलमं बहुतेक जण घालतात. दोन सेशनच्या मधल्या दिवसांबद्दल मात्र एक ओळही नसते, आणि बिघडतं ते तिथेच. माझं मत: मधले मेसेज बंद. वेळ बदलायची असेल तर तेवढं 24 तास आधी कळवावं, बाकी सगळं पुढच्या सेशनमध्ये.

रात्री साडेदहाला मेसेज येतो, "उद्या राजीनाम्याचा विषय काढू का?" कोचला आवाज ऐकू येत नाही, चेहरा दिसत नाही, दिवसभरात काय घडलं ते माहीत नाही. याच प्रश्नावर सेशनमध्ये तो चाळीस मिनिटं प्रश्न विचारत राहतो आणि उत्तर क्लायंटचं क्लायंटला सापडतं. फोनवर मात्र "काढा" किंवा "थांबा" एवढंच टाइप होतं. तो झाला सल्ला. असे चार-पाच सल्ले मिळाले की माणूस स्वतः विचार करण्याआधी फोन उचलतो, आणि ज्यासाठी कोच गाठला ते स्वतः ठरवण्याचं बळच कमी होतं. शिवाय भीड नसलेला क्लायंट भरपूर वेळ घेतो, भिडस्त माणूस तेवढीच फी भरून गप्प बसतो. हा अन्याय आहे.

उलटतपासणी
असहमत. सेशन दर पंधरवड्याला असेल तर मधले तेरा दिवस क्लायंट एकटा असतो, आणि सवय मोडते किंवा जडते ती याच दिवसांत. ठरवलेलं तिसऱ्या दिवशी फसलं तर उरलेले दहा दिवस वाया. पुढच्या सेशनची पहिली वीस मिनिटं सफाई देण्यात जातात. बंदी असली की लोक अपयश झाकायला शिकतात, हे मला सल्ल्यापेक्षा घातक वाटतं.

बंदीऐवजी चौकट घाला. आठवड्यातल्या ठरलेल्या वारी एकच मेसेज, तीन ओळींचा: काय केलं, कुठे अडलं, आता काय करून बघणार. कोचने पुढच्या कामाच्या दिवशी उत्तर द्यायचं, तेही एकच प्रश्न विचारून. राजीनाम्याच्या मेसेजला "उद्या विषय काढला नाही, तर परवा कसं वाटेल?" एवढं पुरतं. क्लायंटमागे आठवड्याला दहा मिनिटं धरली तर पंधरा क्लायंटचे अडीच तास होतात. ते फी ठरवतानाच मोजा. न मोजता "कधीही मेसेज करा" म्हणणाऱ्या कोचची उत्तरं थोड्याच दिवसांत लांबू लागतात, आणि क्लायंटला वाटतं आपलंच काही चुकलं.

तिसरी खुर्ची
तुमचा वाद वेळेचा आहे. मला काळजी मागे उरणाऱ्या लिखाणाची आहे. फी कंपनी भरत असेल तर आणखीच. वकील-अशील किंवा डॉक्टर-रुग्ण यांच्या बोलण्याला मिळतं तसं कायद्याचं संरक्षण कोचिंगला सहसा नसतं. 1995 साली सुरू झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या कोचांच्या संघटनेच्या आचारसंहितेतही गोपनीयतेला अपवाद आहेत: कायद्याने माहिती मागितली, किंवा कुणाच्या जिवाला धोका असला तर. "सगळं गुप्त राहील" हे वचन म्हणूनच देऊ नये.

कंपनीच्या ईमेलवर किंवा कंपनीने दिलेल्या फोनवर लिहिलेलं कंपनीला वाचता येऊ शकतं. तिथे साहेबाबद्दल एक वाक्य गेलं की पुरे. सुरुवातीला कोच, क्लायंट आणि कंपनीचा माणूस अशी तिघांची बैठक घ्या. कंपनीला काय कळणार ते तिथेच लिहून काढा: किती सेशन झाली आणि तिघांनी मान्य केलेली उद्दिष्टं. प्रगती सांगायची तर क्लायंटने स्वतः, तिघांसमोर. नंतर एचआरने कोचला "जरा खाजगीत सांगा" म्हटलं, तर तोच कागद दाखवता येतो.

मितभाषी
तीन ओळींचा मेसेज मी वाचला, पण त्यातली "कुठे अडलं" ही ओळ तीनच ओळींत थांबत नाही. तिथे परिच्छेद येतो, आणि एका प्रश्नाने उत्तर दिलं की माणूस दुखावतो. नोंद ठेवायची तर क्लायंटने स्वतःच्या वहीत ठेवावी आणि सेशनला आणावी. अपयश झाकलं जाणार नाही, फोनही मधे येणार नाही. कंपनीच्या माध्यमाचा मुद्दा पूर्ण मान्य.

काठावर
एक मेसेज तुमच्या दोन्ही नियमांत बसत नाही: "आता जगावंसं वाटत नाही." बंदी असेल तर तो कदाचित येणारच नाही. ठरलेल्या वाराची चौकट असेल तर तो येऊन दोन दिवस न वाचलेला पडून राहील. म्हणून पहिल्या सेशनआधी चार गोष्टी लेखी हव्यात: हा नंबर चोवीस तास पाहिला जात नाही, संकटात आपत्कालीन सेवेला किंवा हेल्पलाइनला फोन करायचा, आणि ते नंबर त्याच कागदावर, जवळच्या एका माणसाचं नाव व फोन, आणि जिवाला धोका वाटल्यास त्याला कळवायची संमती.

असा मेसेज दिसला तर उत्तर टाइप करत बसू नका, फोन लावा. "जीव द्यायचा विचार येतोय का?" असं सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. धोका दिसला तर त्या जवळच्या माणसाला आणि आपत्कालीन सेवेला लगेच कळवा. पुढचं काम डॉक्टरांचं किंवा थेरपिस्टचं, कोचिंग तोवर थांबवायचं.

उलटतपासणी
हे कलम माझ्या चौकटीत जसंच्या तसं घालतो, कंपनीच्या फोनचंही. वहीचं मात्र पटत नाही. जो काम टाळतो तो वहीही टाळतो, आणि कोचला ते कळतं चौदाव्या दिवशी. परिच्छेद आला तर "हे सेशनला घेऊया" एवढंच लिहायचं, दर वेळी तेच. तिसऱ्या सेशनला दोघांनी मिळून मेसेज मोजावेत: सल्ला मागणारे किती, केलेलं सांगणारे किती. पहिले जास्त निघाले तर तुमची बंदी तिथून पुढे लावा, माझी हरकत नाही.