मदत हवी आहे: कृष्णकमळाच्या वेलानं अचानक मान टाकली

नमस्कार मंडळी, नागपूरला मानेवाड्यात राहते. गेटच्या कमानीवर कृष्णकमळाचा तीन वर्षांचा वेल आहे, आईनं लावलेला, ती आता नाही म्हणून जीव जास्तच अडकलाय. मागच्या आठवड्यात चार दिवस झड लागली होती, आमची माती काळी, पाणी जिरतच नाही, बुडाशी दीड दिवस साचून होतं. मग ऊन पडलं अन् परवा दुपारी एका बाजूची पानं हिरवीच्या हिरवी लोंबकळली, पिवळी वगैरे काही नाही. मला वाटलं तहानलाय म्हणून अजून बादलीभर पाणी टाकलं, तेच चुकलं बहुतेक, सकाळी दुसरी बाजूपण सुकून राहिली होती.

आज बुड उकरून पाहिलं. उधई नाही. पण जमिनीलगत अर्ध्या घेराची साल मऊ, तपकिरी, बोटानं निघून राहिली. दोन फूट वर नखानं खरवडलं तर आत हिरवं आहे. सुकलेली फांदी उभी चिरली, आत तपकिरी रेषा नाही, म्हणजे मर रोग (बुरशीनं आतल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद होतात तो) नसून बुडकूज असेल का?

माती बाजूला सारून बुड उघडं ठेवलंय, पाणी बंद. आता कॉपर ऑक्सिक्लोराईडची (तांब्याचं बुरशीनाशक) आळवणी करू, म्हणजे पाण्यात मिसळून बुडाशी ओतू, की ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) देऊ? दोन्ही सोबत देऊ नये म्हणतात, तांब्यानं ट्रायकोडर्माची वाढ दबू शकते, म्हणून आधी काय ते सांगा. वरचा भार छाटू का? अन् हिरव्या फांद्यांची कलमं आजच लावली तर जगतील का? कोणाचा असा वेल वाचला असेल तर प्लीज लवकर सांगा.