मुंबईत घारापुरी चुकवू नये
परभणीहून दोन दिवसांसाठी मुंबईला जाणाऱ्या कुटुंबाने काय पाहावे, या प्रश्नावर बहुतेकांनी चौपाटी आणि मरीन ड्राइव्ह सुचवले आहे. ते योग्यच आहे; मी मात्र घारापुरीला, म्हणजे समुद्रातील बेटावरच्या एलिफंटा लेण्यांना, पहिले स्थान देईन. वेरूळचे २९ क्रमांकाचे डुमर लेणे पाहिलेल्या आपल्या मराठवाड्यातील माणसाला घारापुरीच्या मुख्य लेण्याची रचना लगेच ओळखीची वाटते, आणि त्या अंधाऱ्या मंडपातून पुढे जाऊन भव्य त्रिमूर्तीसमोर उभे राहिल्यावर पाय निघत नाही. गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने साधारण तासभर लागतो, आणि समुद्र न पाहिलेल्या आपल्या मुलांना तो प्रवासही तितकाच लक्षात राहील. सोमवारी लेणी बंद असतात. सोबत वृद्ध असल्यास पायऱ्यांची चढण लक्षात घेऊन सकाळचीच लाँच धरावी.