मदत हवी आहे: लेकीच्या लॅपटॉपवर व्हीएस कोड टाकलाय, पण सीचा प्रोग्राम चालत नाही

धानोरीकर (शुक्रवार, रात्री १२:२०)

नमस्कार मंडळी. मी भोसरी एमआयडीसीत व्हीएमसी (कॉम्प्युटर कंट्रोलवर धातू कापणारं मशीन) सेटर आहे, बावीस वर्षं झाली. मशीनच्या कंट्रोलवर हात बसलेला आहे, पण घरच्या कॉम्प्युटरचं मला फार कळत नाही. मुलगी यंदा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला लागली. सी लँग्वेज आहे. तिच्यासाठी बुधवार पेठेतून एक वापरलेला लॅपटॉप घेतला. ८ जीबी रॅम, एसएसडी, विंडोज ११. दुकानात माझ्यासमोरच विंडोज नव्याने टाकलं. खात्याला नाव काय देऊ विचारलं, तर मी घरी तिला हाक मारतो तेच ‘चिमणी’ असं मराठीत टाकायला सांगितलं. चालू केला की पडद्यावर ते नाव येतं. तिला फार आवडलं.

तिने व्हीएस कोड डाउनलोड करून टाकला. मैत्रिणीने पेनड्राइव्हवर मिंगडब्ल्यू म्हणून फोल्डर दिला होता, तो सी ड्राइव्हवर कॉपी केला. दोन आकड्यांच्या बेरजेचा प्रोग्राम लिहिला. वरचं त्रिकोणी बटण दाबलं की लाल अक्षरात काहीतरी येतं आणि संपतं. तीन वेळा व्हीएस कोड काढून परत टाकला, फरक शून्य. सोमवारी प्रॅक्टिकल आहे. पोरगी रडकुंडीला आलीय, तोंडाने बोलत नाही एवढंच. मी शनिवार-रविवार सुट्टी टाकलीय. कुठे काय दाबायचं ते सांगा, सांगाल तसं करतो.

कर्वे रोड (शनिवार, सकाळी ७:०५)

दादा, आधी दोन गोष्टी सांगा. चिन्ह निळं आहे की जांभळं? निळा तो व्हीएस कोड. जांभळा तो व्हिज्युअल स्टुडिओ, ते मोठं प्रकरण आहे आणि आत्ता नको. दुसरं, वरच्या मेनूत टर्मिनल, त्यात न्यू टर्मिनल. खाली पट्टी उघडेल. तिथे जीसीसी, एक स्पेस, मग डॅश डॅश व्हर्जन असं टाइप करून एंटर मारा. जे येईल ते शब्दन् शब्द इथे लिहा. ‘एरर येतोय’ एवढ्यावर कोणालाच काही सांगता येत नाही.

धानोरीकर (शनिवार, सकाळी ८:३०)

निळा आहे. ‘द टर्म जीसीसी इज नॉट रेकग्नाइज्ड अ‍ॅज द नेम ऑफ अ कमांडलेट’ आणि पुढे बरंच.

पर्वती पायथा (शनिवार, सकाळी ९:१५)

मग व्हीएस कोड शंभर वेळा टाकला तरी हेच येणार, कारण दोष त्याच्यात नाहीच. तुमच्या भाषेत सांगतो. व्हीएस कोड म्हणजे प्रोग्राम टाइप करायचा कंट्रोलचा पडदा. त्यावर जी कोड, म्हणजे मशीनचा प्रोग्राम, दिसला म्हणजे जॉब कटला असं होत नाही ना? कापणारं मशीन वेगळं. सीसाठी ते मशीन म्हणजे कंपायलर, त्याचं नाव जीसीसी. लेकीने लिहिलेला मजकूर घेऊन त्यातून चालणारी एक्सई फाइल तो बनवतो. व्हीएस कोडबरोबर कंपायलर येत नाही. वर्गातली निम्मी मुलं इथेच अडकतात आणि त्यांना वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. लेकीला हे आधी सांगा, चूक तिची नाही.

मैत्रिणीच्या मिंगडब्ल्यू फोल्डरमधून तुमच्याकडे कंपायलर आलेला आहे, पण विंडोजला तो कुठे ठेवलाय ते ठाऊक नाही. तो पत्ता पाथमध्ये, म्हणजे विंडोज जिथे प्रोग्राम शोधतं त्या पत्त्यांच्या यादीत, लिहावा लागतो. स्टार्ट दाबून ‘एन्व्हायर्नमेंट’ टाइप करा, ‘एडिट द सिस्टिम एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’ उघडा, खालचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सचं बटण दाबा. दोन चौकटी दिसतील. खालच्या, म्हणजे सिस्टिम व्हेरिएबल्सच्या चौकटीत ‘पाथ’ निवडा, एडिट, न्यू, आणि सी ड्राइव्हवरच्या मिंगडब्ल्यू फोल्डरच्या आतल्या ‘बिन’ फोल्डरचा पूर्ण पत्ता चिकटवा. तिथे असलेलं काहीही पुसू नका. तिन्ही खिडक्यांना ओके.

मग व्हीएस कोड पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. नुसतं नवं टर्मिनल उघडून भागत नाही, चालू असलेल्या व्हीएस कोडकडे जुनाच पाथ असतो. या एका पायरीवर लोकांचे तास जातात.

वारजे (शनिवार, सकाळी १०:४०)

एवढं कशाला करायचं? टर्बो सी टाका. निळी स्क्रीन, एक सेटअप, लगेच चालू. आम्ही सगळे त्यावरच शिकलो.

पर्वती पायथा (शनिवार, सकाळी ११:००)

मीही त्यावरच शिकलो आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण टर्बो सी १९८७ चं, डॉसच्या जमान्यातलं. आजच्या विंडोजवर ते डॉसबॉक्समधून, म्हणजे जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, चालवावं लागतं. त्यात इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा प्रकार, १६ बिटचा, कमाल ३२७६७. त्यात ४०००० ठेवून छापा, -२५५३६ दिसेल. जीसीसीत तोच प्रोग्राम बरोबर चालतो. शिवाय व्हॉइड मेन आणि क्लियरएससीआर असल्या जुन्या रीतींची सवय लागली की बाहेर पडल्यावर ती मोडावी लागते. पहिल्याच वर्षाला ते ओझं कशाला? दादा, कॉलेजच्या लॅबमध्ये काय आहे तेवढं लेकीला विचारा. तिथे जे असेल त्याच्या जवळचं घरी हवं.

धानोरीकर (शनिवार, दुपारी १:१०)

लॅबमध्ये उबुंटू (विंडोजऐवजी लिनक्स) आणि जीसीसी आहे म्हणते.

पाथ टाकला. व्हीएस कोड बंद करून उघडला. आता व्हर्जन विचारल्यावर ‘जीसीसी ६.३.०’ असं आलं! पण प्रोग्राम अजून चालत नाही. आता वेगळाच अलार्म आलाय. मशीनवर अलार्मचा नंबर वाचल्याशिवाय मी रिसेट दाबत नाही, म्हणून हाही नीट वाचून उतरवला:

‘कॅनॉट क्रिएट टेम्पररी फाइल इन सी:\यूझर्स\?????\अ‍ॅपडेटा\लोकल\टेंप\: इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’

मधली प्रश्नचिन्हं माझी नाहीत, तशीच आली आहेत. मोजली, पाच आहेत.

पर्वती पायथा (शनिवार, दुपारी १:३०)

दादा, तुम्ही ती मोजलीत म्हणून सापडलं. ‘चिमणी’ कॉम्प्युटर कसा साठवतो बघा: च, पहिली वेलांटी, म, ण, दुसरी वेलांटी. पाच चिन्हं, पाच प्रश्नचिन्हं.

खातं बनवताना जे नाव दिलं, त्याच नावाचा फोल्डर विंडोजने यूझर्समध्ये केला. कंपायलर काम करताना मधल्या फाइली टेंपमध्ये ठेवतो आणि तो टेंप या ‘चिमणी’ फोल्डरच्या पोटात आहे. जीसीसी ६.३ डिसेंबर २०१६ चं आहे. विंडोजवरच्या त्या जुन्या बांधणीला देवनागरीतला पत्ता वाचता येत नाही, अशा प्रत्येक चिन्हाच्या जागी ती प्रश्नचिन्ह लावते. त्या नावाचा फोल्डर अर्थातच सापडत नाही.

मराठीत नाव दिलंत यात तुमचं काहीही चुकलेलं नाही. आपल्या लिपीतलं नाव चालायलाच हवं होतं.

निंबोणी (शनिवार, दुपारी २:००)

सेटिंग्जमध्ये जाऊन खात्याचं नाव बदललं की झालं ना?

पर्वती पायथा (शनिवार, दुपारी २:१०)

नाही. त्याने फक्त पडद्यावर दिसणारं नाव बदलतं, फोल्डर पहिल्या दिवशीच्याच नावाने राहतो. आणि तो फोल्डर हाताने रीनेम करायला जाऊ नका, खातंच उघडायचं बंद होऊ शकतं. टेंपचा पत्ता दुसरीकडे वळवता येतो, पण पुढे दुसरं एखादं सॉफ्टवेअर त्याच ठेचेला अडखळेल. लॅपटॉप नवा घरात आलाय, आत फारसं काही नाही. आत्ताच मुळातून निस्तरा.

सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूझर्स, अ‍ॅड अकाउंट. तो ईमेल मागेल. तिथे ‘आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन’, पुढच्या पानावर ‘अ‍ॅड अ यूझर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट’. नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये स्पेस नको. खातं झालं की त्याचा प्रकार अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा आणि त्यात लॉगिन व्हा.

नव्या खात्यात व्हीएस कोड दिसला नाही तर घाबरू नका. नेहमीचा यूझर इन्स्टॉलर ज्या खात्यातून टाकला त्याच खात्यापुरता बसतो. परत टाका. टाकताना ‘अ‍ॅड टू पाथ’ची खूण राहू द्या, आणि ‘ओपन विथ कोड’च्या दोन्ही खुणाही करा, फोल्डरवर राइट क्लिक करून थेट उघडता येतो.

पेनड्राइव्हवालं मिंगडब्ल्यू पाथमधून काढा. त्याऐवजी एमसिस२ टाका, त्यातून नवा जीसीसी उतरवता येतो, तो सी ड्राइव्हवर स्वतःचा फोल्डर करतो, जागा बदलू नका. त्याच्या खिडकीत कोणती कमांड द्यायची ते व्हीएस कोडच्या साइटवर सी++ आणि मिंगडब्ल्यूच्या पानावर आहे. शेवटी ‘टूलचेन’ असलेली ती. हाताने टाइप न करता कॉपी करा, एक डॅश चुकला तरी अडेल. काय काय हवं विचारेल, तिथे नुसतं एंटर, म्हणजे सगळं. मग वाय. उतरायला वेळ लागतो. त्यात जीसीसी येतो आणि चुका शोधायचा जीडीबीही. नंतर पाथमध्ये एमसिस६४ च्या आतल्या यूसीआरटी६४ मधला बिन टाका.

लेकीचे प्रोग्राम सी ड्राइव्हवरच एका साध्या फोल्डरमध्ये ठेवा, त्याचंही नाव इंग्रजी अक्षरांत. तो फोल्डर पहिल्यांदा उघडताना व्हीएस कोड भरवसा आहे का विचारेल, आपलाच फोल्डर आहे, हो म्हणा.

धानोरीकर (शनिवार, रात्री ९:५०)

सगळं झालं, चाललंही. लाल काही नाही. खाली ‘एंटर टू नंबर्स’ असं छापून आलं. पण आकडे टाकायला गेलो तर टाकूच देत नाही. ‘कॅनॉट एडिट इन रीड-ओन्ली एडिटर’ म्हणतं. लेक म्हणते तिने व्हीएस कोडमध्ये कोड रनर नावाचं एक्स्टेन्शन (वरून जोडायचा भाग) टाकलंय, वर्गात सगळ्यांकडे आहे.

कर्वे रोड (शनिवार, रात्री १०:०५)

कोड रनर मुळात आउटपुट नावाच्या खिडकीत छापतो. ती फक्त वाचायची जागा आहे, प्रोग्राममधल्या स्कॅनएफला, म्हणजे आकडा वाचणाऱ्या ओळीला, तिथून आकडा मिळत नाही. फाइल, प्रेफरन्सेस, सेटिंग्ज. वर शोधा ‘रन इन टर्मिनल’. कोड रनरच्या त्या ओळीपुढे खूण करा. तिथेच ‘सेव्ह फाइल बिफोर रन’ आहे, तीही करा. फाइलच्या नावापाशी पांढरा ठिपका दिसतो तोवर ती सेव्ह झालेली नसते. मग दुरुस्ती करूनही जुनाच प्रोग्राम चालतो आणि माणूस चक्रावतो.

पर्वती पायथा (शनिवार, रात्री १०:२०)

आणि मायक्रोसॉफ्टचं सी/सी++ नावाचं एक्स्टेन्शनही टाका. मग ओळीच्या आकड्याच्या डावीकडे क्लिक केलं की लाल ठिपका येतो. एफ५ दाबा, पहिल्यांदा विचारलं तर जीसीसी निवडा. प्रोग्राम त्या ठिपक्यावर थांबेल. मग एफ१० दर वेळी एकच ओळ पुढे नेतो. तुमचा सिंगल ब्लॉक. डावीकडे प्रत्येक व्हेरिएबलची त्या क्षणाची किंमत दिसते.

धानोरीकर (रविवार, संध्याकाळी ६:४५)

बेरीज चालली. १२ आणि ३० टाकले, ४२ आले. ती खुर्चीतून उठली आणि आईला बोलवायला आत पळाली.

दुपारी म्हणाली, बाबा, तुमच्या कामातलं काहीतरी सांगा, त्याचा प्रोग्राम करते. मी आरपीएम, म्हणजे कटरचे मिनिटाला फेरे, सांगितला. कटिंग स्पीडला हजाराने गुणायचं आणि पाय (गणितातला π) गुणिले कटरचा व्यास याने भागायचं. मिनिटाला शंभर मीटरचा स्पीड आणि २० मिलीमीटरचा कटर घातला. उत्तर आलं १६६६. मी म्हटलं, हे चुकलंय, २० च्या कटरला पंधराशे नव्वदच्या आसपास हवेत. ती म्हणाली, कॉम्प्युटर कसा चुकेल. मग तुम्ही सांगितलेला लाल ठिपका लावला आणि दोघं एफ१० दाबत एकेक ओळ पुढे गेलो. तिसऱ्या ओळीवर डावीकडे पाय समोर नुसता ३ दिसला. तिने पाय इंटमध्ये ठेवला होता, पुढचं सगळं कापलं गेलं होतं. तिलाच आधी दिसलं. फ्लोट (दशांश ठेवणारा प्रकार) केलं आणि १५९१.५५ आले.

एक विचारायचं राहिलं होतं, पण ते मीच करून बघितलं. कंट्रोल पॅनलमधून नव्या खात्याचं नुसतं नाव बदललं. फोल्डर इंग्रजीतच राहिला, प्रोग्राम चालतोय. आणि लॅपटॉप चालू केला की पडद्यावर परत ‘चिमणी’ येतं.

पर्वती पायथा, कर्वे रोड, तुम्हा दोघांचे मनापासून आभार. उद्या सकाळी आठला तिचं प्रॅक्टिकल आहे, आत्ता ती तोच प्रोग्राम ड्रिलसाठी बदलत बसलीय.