छोटे सोलर वाढले की ग्रीड खरंच डळमळतं का?

चौकस: छपरावरचं सोलर, छोटे गॅस जनरेटर असे सोर्स वाढले की ग्रीड अस्थिर होतं म्हणतात. पण ५ किलोवॅटचं एक युनिट बंद पडलं तर ग्रीडला कळणार पण नाही ना? मग एवढी भीती कसली?

रिलेवाला: एकाचं कळत नाहीच, भीती आहे सगळे एकाच क्षणी सुटायची, म्हणजे ग्रीडपासून तुटायची. जर्मनीत जुन्या इन्व्हर्टरना (सोलरची डीसी वीज एसी करून ग्रीडला देणारं यंत्र) नियमच होता की ग्रीडची फ्रिक्वेन्सी, जी नेहमी ५० हर्ट्झ असते, ५०.२ हर्ट्झच्या वर गेली की लगेच बंद व्हायचं, तेव्हा सोलर नगण्य होतं म्हणून कोणाला काही वाटलं नाही, पुढे हजारो मेगावॅट जोडले गेले आणि लक्षात आलं की हे सगळं एकदम गेलं तर फ्रिक्वेन्सी उलटी खाली कोसळेल. मग २०१२ मध्ये नवा नियम आणून लाखो इन्व्हर्टरच्या सेटिंग बदलायला घेतल्या.

चौकस: आणि इनर्शिया कमी होतो म्हणतात ते?

टर्बाइन५०: ते पण खरंय. मोठ्या टर्बाइनच्या फिरत्या वजनात एनर्जी साठलेली असते, तोच इनर्शिया, कुठे जनरेशन गेलं तर ती आधी वापरली जाते, फ्रिक्वेन्सी हळू पडते आणि गव्हर्नरला (टर्बाइनचा वेग सांभाळणारं कंट्रोल) वेळ मिळतो. साध्या सोलर इन्व्हर्टरकडे ते नाही. ९ ऑगस्ट २०१९ ला ब्रिटनमध्ये लाइनवर आकाशातली वीज पडली, त्या धक्क्याने बरेच छोटे जनरेटर त्यांच्याच प्रोटेक्शनवर (गडबड दिसली की आपोआप तोडणारी यंत्रणा) सुटले, त्याच वेळी एक विंडफार्म आणि एक गॅस प्लांट पण गेला, फ्रिक्वेन्सी ४८.८ पर्यंत आली आणि १० लाखांच्या आसपास ग्राहकांची वीज तोडावी लागली. म्हणजे आधाराची गरज होती नेमकी तेव्हाच छोटे निघून गेले, मला हाच सगळ्यात मोठा धडा वाटतो.

चौकस: मग ते प्रोटेक्शन काढूनच टाकायचं ना?

रिलेवाला: अजिबात नाही!! मेन सप्लाय गेल्यावर तुमचं सोलर लाइन चार्ज ठेवत राहिलं तर दुरुस्तीला आलेल्या माणसाच्या जिवावर बेतेल. आयईईई १५४७ या छोटे सोर्स ग्रीडला जोडण्याच्या स्टँडर्डमध्ये आयलँडिंग झालं, म्हणजे मेन सप्लाय गेला तरी छोटा सोर्स एकटाच लाइन चालू ठेवत राहिला, तर २ सेकंदांत सुटायचं हे आहेच, २०१८ च्या आवृत्तीत फरक एवढाच की व्होल्टेज-फ्रिक्वेन्सीचा छोटा झटका आला तर पळायचं नाही, तग धरायचा. दोन्ही एकत्र जमवणं हेच खरं अवघड काम आहे.

फीडरकर: सगळे फ्रिक्वेन्सीवरच बोलताय, रोजचा त्रास व्होल्टेजचा असतो. दुपारी लोड कमी, सोलर फुल, पॉवर उलटी वाहते आणि फीडरच्या (सबस्टेशनपासून घरांकडे येणारी लाइन) टोकाला व्होल्टेज चढतं. एलटी (कमी व्होल्टेजच्या) लाइनचा रेझिस्टन्स जास्त असल्यामुळे इन्व्हर्टरच्या नुसत्या रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरने (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेज वरखाली करणारी पॉवर) ते पुरेसं उतरत नाही, मग इन्व्हर्टरचं आउटपुट कमी करा नाहीतर जाड केबल टाका.